बेटावर गेलेली पेटी

गेल्या वर्षी एका देवस्थानची स्मरणिका माझ्या हाती आली. वर्गणीदारांची यादी, मंडपाचे फोटो, जाहिराती, असे सगळे नेहमीचे. मधल्या एका पानावर समुद्रातल्या बेटाची हकीकत दिली आहे. पूर्वी त्या बेटावर वैशाखात हजारो पांढरी पाखरे अंडी घालीत. देवीच्या मानकरी घराण्यातल्या एका तांडेलाने लोभाने पिसांचा व्यापार केला. देवीचा कोप झाला आणि पाखरे बेट सोडून गेली. एवढ्या चारच ओळी आहेत.

लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. त्याने वडीलधाऱ्यांकडून ऐकले ते लिहिले. वडीलधाऱ्यांनी जे ऐकले त्याचा उगम मात्र माझ्या हातच्या एका अहवालात आहे. तो तांडेल निर्दोष होता. पाखरांचा नाश ज्याने केला ते माझ्या पेटीतून बेटावर गेले, आणि मला ते त्याच दिवशी, डोळ्यांनी पाहून, माहीत झाले होते. मी आता सत्तरीत आहे. हे कोणी मला विचारलेले नाही, तरी लिहितो.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी एक-दोन वर्षांची गोष्ट. मी रत्नागिरीस मामलेदार कचेरीत कारकून होतो. वय तेवीस, नोकरी नवी. आमच्या कचेरीत टपालाबरोबर रोज एकदोन निनावी अर्ज येत. अमक्याने कुंपण सरकवले, तमक्याने ताडी गाळली, पाटलाने दाखला खोटा दिला. अव्वल कारकून म्हणत, "आपल्याकडे आंबा एक वर्षाआड धरतो, अर्ज दर वर्षी धरतात." हे अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे होते. वर्षभर तेच वाचल्यावर माणूस रस्त्याने चाललेला दिसला तरी तो कुठून येत असेल आणि काय लपवीत असेल असे मनात येऊ लागते. मला तसे येऊ लागले होते आणि मी त्याला हुशारी समजत होतो.

अशाच एका अर्जात बेटाचे प्रकरण आले. पावस गावाच्या खाली एक लहान बंदर आहे. तेथून शिडाच्या होडीने दोन-अडीच तास गेले की भर समुद्रात काळ्या कातळाचे एक बेट लागते. तेथे माणसाची वस्ती कधी नव्हती. बेट देवीचे राखीव. शिमगा झाला की पाखरे येऊ लागत, आणि तेव्हापासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी तेथे उतरायचे नाही असा गावाचा नेम होता. फक्त वैशाखात एक दिवस मानकरी घराण्यातला तांडेल देवीचा नारळ घेऊन जाई आणि त्याच दिवशी परत येई. पुढे सरकारनेही बंदी घातली. कचेरीच्या परवानगीशिवाय बेटावर पाय ठेवणे गुन्हा ठरला. अर्जात लिहिले होते की हा मानकरी तांडेल नारळाच्या निमित्ताने पाखरे मारतो आणि विलायती टोप्यांसाठी त्यांची पांढरी पिसे मुंबईच्या एका व्यापाऱ्याला विकतो.

साहेबांनी मला बोलावले. "नारळाच्या दिवशी त्याच्याच होडीतून जा. वरवर म्हणायचे, पाखरांची मोजदाद करायची आहे. डोळे उघडे ठेवा. हा हुकूम आणि हा अर्ज जवळ ठेवा, कोणाच्या दृष्टीस पडू देऊ नका."

वारा पडला तर होडी एखादा दिवस समुद्रात अडकते असे ऐकले होते. आमच्या घरी सोवळेओवळे कडक. होडीवाल्यांच्या हातचे मी खाणार नव्हतो. म्हणून आईने एका आंब्याच्या रिकाम्या पेटीत दोन दिवसांचे फराळाचे भरले. पोहे, गूळ, लोणच्याची बरणी, तुपाची बुधली. बरणी फुटू नये म्हणून सगळीकडे भाताचा पेंढा ठासला. ती पेटी दोन दिवस कोठीच्या खोलीत भिंतीशी पडून होती. निघताना मी हुकूम आणि अर्ज एका फडक्यात बांधून तिच्या तळाशी सरकवले आणि झाकणावर सुंभाचा वेढा दिला.

सकाळी मी बंदरावर पोचलो तेव्हा होडी पुळणीवर ओढून ठेवली होती आणि तांडेल आणि त्याचे दोन वल्हेकरी तिच्यातली प्रत्येक वस्तू बाहेर काढून वाळूवर पसरीत होते. शीड उलगडून झटकले. दोरखंडाचा वेढा सोडून त्याचे वळ हातांनी चाचपले. पाण्याचे मडके उपडे केले. वल्हेकऱ्यांनी आपल्या चंच्या वाळूवर ओतल्या, पाने, सुपारी, तंबाखू वेगळी करून पुन्हा भरली. मी हे पाहत उभा होतो, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे सगळे माझ्यासाठी चालले आहे. आम्ही काही लपवीत नाही असे दाखवायला. ज्याला लपवायचे असते तोच एवढे दाखवतो.

तांडेल पंचेचाळिशीचा असेल. अंगाने सडसडीत, उन्हाने भाजलेला, बोलणे कमी. तो माझ्यापाशी आला.

"भाऊसाहेब, पेटी वायच उघडा."

"का?"

"बेटावर झाकलेलां कायच जात नाय. बांधलेलां सोडायचां, भरलेलां ओतायचां. देवीचा नेम हाय. माझ्या आज्याच्या आज्यापासून हाय."

वल्हेकऱ्यांतला एक म्हातारा गमत्या होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मी लंगोटी पण झाडून दाखवली. तुमची तर नुसती पेटी."

दुसरा हसला. तांडेल हसला नाही. त्याची नजर पेटीवर होती, आणि मला खात्री पटली की याला कसला तरी सुगावा लागला आहे. कचेरीतल्या शिपायाने सांगितले असेल. पेटी उघडायची, तळातला कागद काढायचा, कोणाकडून तरी वाचून घ्यायचा. नेम, देवी, आजा हे सगळे त्यासाठी.

मी म्हणालो, "या पेटीत सरकारी कागद आहेत. हिला हात लावलास तर बेड्या पडतील."

माझ्या जवळजवळ दुप्पट वयाच्या माणसाला मी एकेरीत बोललो. तो मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणत राहिला.

"आंब्याच्या पेटीत सरकारचे कागद?" म्हातारा वल्हेकरी पुटपुटला. "आणि वास तर लोणच्याचा येतोय."

"गप रे," तांडेल म्हणाला. मग मला म्हणाला, "बरां. कागद तर कागद. पण मग पेटी होडीतच ऱ्हाऊ दे. वर चढवू नका. एवढां तरी ऐका."

मी होकारार्थी मान हलवली.

बेट जवळ येऊ लागले तसा आधी वास आला, मग आवाज. दुरून मला वाटले कातळावर चुना सांडला आहे. जवळ गेल्यावर तो चुना उठला. काळ्या टोपीची पांढरी पाखरे, किती ते सांगता येणार नाही, आकाश आणि बेट यांच्यामध्ये जागा अशी उरलीच नव्हती. मोजदाद करण्याचे सोंग घेऊन मी आलो होतो. ते पाहून मला सोंगाचीच लाज वाटली.

उतरताना मी पेटी खांद्यावर घेतली. वचन मोडण्याचे कारण सांगतो. होडीपाशी दोघे वल्हेकरी थांबणार होते. मी वर गेलो की ते सुंभ सोडणार आणि कागद काढणार, असे मला वाटले. म्हणूनच तर तांडेलाने पेटी होडीत ठेवायला सांगितली! मला माझ्या तर्काचे कौतुक वाटले.

तांडेलाने पेटीकडे पाहिले. त्याने आपल्या हातातल्या दोन आंब्याच्या डहाळ्यांपैकी एक मला दिली. "ही डोक्याच्या वर धरा. पाखरां टोचत्यात ती सगळ्यात उंच वस्तूला टोचत्यात. आणि पाऊल उचलू नका. असां, सरपटवत चला."

अंडी उघड्या कातळावर होती. घरटे नाही, काडी नाही. कातळाच्याच रंगाची, ठिपक्यांची. पाय उचलून टाकला तर खाली काय आले ते कळायचे नाही. घसटत नेला तर अंडे पायाला लागून बाजूला होई. आम्ही दोघे दोन म्हाताऱ्यांसारखे पाय ओढत चाललो होतो, डोक्यावर डहाळ्या, आणि वर पाखरांचा कल्लोळ. तो पुढे, मी मागे. मी त्याच्या हातांवरची नजर काढली नाही. त्याने एका अंड्याला हात लावला नाही.

बेटाच्या माथ्यावर एक दगड आहे, तीच देवी. तेथे त्याने नारळ ठेवला. नारळसुद्धा सगळा सोललेला, शेंडी नसलेला. फोडला नाही. खोबऱ्याचा कण पडायला नको, असे म्हणाला. मग तो बेटाच्या पलीकडच्या अंगाला पाहणी करायला गेला. "तुमी हतंच बसा. मी इतक्यात येतो."

मला हेच हवे होते. त्याच्या मागे लपत जायचे असे मी ठरवले होते, पण ऊन चढले होते आणि भूक लागली होती. एका उभ्या कातळाच्या आडोशाला बसून मी पेटीचा सुंभ सोडला. झाकण उचलले, वरचा पेंढा बाजूला केला. पोह्यांच्या पिशवीला भोक पडले होते. मी पिशवी उचलली तसा खालचा पेंढा हलला, आणि एक उंदीर पेटीच्या कडेवर येऊन बसला. घरातला साधा उंदीर, करड्या रंगाचा. मादी होती; पोटाने जड. क्षणभर तिने मिशा हलवल्या आणि खाली उडी टाकून कातळाच्या फटीत गेली.

मी हाक मारायला तोंड उघडले होते हे मला पक्के आठवते. हाक मारली असती तर तांडेल धावत आला असता. चौघांनी मिळून ती फट उकरली असती. त्या बेटावर फटी फार नव्हत्या. पण हाक मारायची म्हणजे पेटीत नुसते कागद नाहीत हे सांगायचे. आणि मग हा माणूस गावभर सांगेल, कचेरीपर्यंत नेईल, मला त्यावरून कोंडीत धरील. एक उंदीर. खायला दोन दिवस मिळाले नाही की मरेल. मी तोंड मिटले आणि पोहे खाल्ले.

थोड्या वेळाने मी वर जाऊन पाखरांची काही आकडेमोड वहीत लिहीत बसलो. तिथून मला तांडेल दिसला. तो मी बसलो होतो त्या आडोशाच्या जवळपास वाकून काहीतरी वेचीत होता. दोन बोटांनी, सावकाश, एकेक. वेचलेले तो आपल्या पंच्यात ठेवीत होता. उन्हात ते पिवळट पांढरे दिसत होते. शेवटी त्याने पंच्याची गाठ मारून ती काखेत धरली. पिसे! मी वहीत लिहिले: 'इसमाने काही वस्तू वेचून गाठोडे बांधले. आत काय ते दाखवले नाही.'

हे वाक्य खरे आहे. त्याने दाखवले नाही. मी विचारलेच नव्हते.

मग पेटी घ्यायला मी आडोशाला गेलो. वाऱ्याने माझ्या पेटीतला पेंढा चहूकडे उडाला होता, हे मी जाताना पाहिले होते. आता तेथे एक काडी नव्हती. तेव्हा मला कळले त्याने काय वेचले होते. वहीतले वाक्य मी खोडू शकलो असतो. पेन्सिलीने लिहिलेले होते.

परत येताना होडीत म्हाताऱ्या वल्हेकऱ्याने विचारले, "झाली मोजदाद?" मी हो म्हटले. "किती भरली?" मी एक आकडा सांगितला. "माझ्या सासुरवाडीची मानसां धरून?" असे म्हणून तो एकटाच हसला. तांडेल सुकाणूवर होता. किनारा आला तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊसाहेब, पेटीत पेंढा होता. पेंढ्यात आनखी कायतरी असतां. काय उतरलां काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याने गाठ सोडून पेंढा समुद्रात झटकला आणि पंचा पाण्यात बुडवून पिळला.

अहवालात मी लिहिले की प्रत्यक्ष पुरावा मिळाला नाही, तथापि मानकऱ्याचे वर्तन संशयास्पद असून त्याने एक गाठोडे बेटावरून आणून ते आमच्यासमक्ष समुद्रात रिकामे केले. साहेबांनी 'समक्ष' या शब्दाखाली रेघ ओढली. "पुरावा नष्ट केला म्हणायचा," ते म्हणाले. "डोळे तीक्ष्ण आहेत तुमचे." गुन्हा दाखल करण्याजोगे काही नव्हते म्हणून कागद दप्तरात बांधला गेला.

दोन वर्षांनी गावातून खबर आली की बेटावर पाखरे उरली नाहीत. खबर देणारा तांडेलच होता. पहिल्या वर्षी त्याला फुटकी अंडी दिसली, दुसऱ्या वर्षी रिकामा कातळ. तो गावाला सांगत होता की बेटावर उंदीर झाले आहेत, लेंड्या दिसतात, अंड्यांना दातांची भोके आहेत. गावाला हे पटेना. उंदीर दोन-अडीच तासांचा समुद्र पोहून जातो काय? आणि होडी तर नेमाप्रमाणे झाडूनच जाते. तेवढ्यात कचेरीत मागे अहवाल झाला होता हे कोणाच्या तरी कानावर गेले. कोणाच्या आणि कसे, ते मला माहीत नाही. त्या वेळी मी कोणाजवळ बढाई मारली नसेन असे छातीठोक सांगवत नाही.

गावाने देवळात कौल लावायचे ठरवले आणि तो अहवाल घेऊन कचेरीतर्फे मी हजर राहावे असे साहेबांनी सांगितले. कौल म्हणजे देवीला विचारणे. गुरव फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दगडाला दोन्ही अंगांना चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

सभामंडप भरला होता. तांडेल मधोमध जमिनीवर बसला होता. गावकऱ्यांतल्या सर्वांत वडील गृहस्थाने त्याला विचारले, "बेटावरून गाठोडां आनलास का नाय?"

"आनलां."

"काय होतां त्यात?"

"पेंढा."

असा हशा उठला की गुरव आतून बाहेर आला. गवताची काडी उगवत नाही त्या कातळावरून पेंढा!

"कातळावर शेती केलीस काय रे?" कोणी ओरडले.

"बैल कनचे जुंपलेस? पाखरां?"

तांडेलाने हसणे थांबेपर्यंत वाट पाहिली. "भाऊसाहेबांच्या पेटीतला होता," तो म्हणाला. "वाऱ्यानी उडाला. मी वेचला. त्यातनंच उंदीर उतरला असनार."

आता सगळे माझ्याकडे वळले. ते हसणे माझ्यासाठी नव्हते, मी सरकारी माणूस होतो. त्यांच्या चेहऱ्यांवर आदर होता आणि थोडी भीती. वडील गृहस्थ हात जोडून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या पेटीत पेंढा होता काय?"

मी तांडेलाकडे पाहिले नाही. दोघे वल्हेकरी खांबाला टेकून उभे होते. पेटी उघडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मी म्हणालो, "पेटीत सरकारी कागद होते. तसे मी तेव्हाच सांगितले होते."

"व्हय," धाकटा वल्हेकरी म्हणाला. "कागदच म्हनाले होते." म्हातारा वल्हेकरी लोणच्याच्या वासाचे काही बोलेल असे मला वाटले. त्याने माझ्याकडे नीट पाहिले, आणि तो काही बोलला नाही. सरकारविरुद्ध लोणचे काय टिकणार, हे त्याला समजत होते.

गुरवाने पाकळ्या लावल्या. प्रश्न घातला: तांडेल खरे बोलतो काय? बोलत असला तर उजवी दे. आम्ही बसून राहिलो. घंटेचा लोलक कोणी धरून ठेवला होता. ऊन उंबऱ्यावरून आत सरकले. पाकळी पडेना, उजवी नाही की डावी नाही. गुरवाने दुसऱ्यांदा विनवणी केली, तिसऱ्यांदा केली. तेवढा सगळा वेळ मी तेथे होतो. मला देवीवर विश्वास होता की नाही हे आज सांगता येत नाही, पण तेव्हा मला वाटत होते की ती पाकळ्या धरून बसली आहे आणि माझी वाट पाहत आहे. माझ्याजवळ उत्तर होते. ते तीन शब्दांत मावले असते.

"देवी बोलत नाय," शेवटी वडील गृहस्थ म्हणाले. "मग सरकारच्या कागदात काय हाय तां वाचा."

मी वाचले. 'समक्ष' हा शब्द वाचताना माझा आवाज कापला नाही.

नारळाचा मान त्याच दिवशी दुसऱ्या घराला दिला. तांडेलाला वाळीत टाकले नाही, पण त्याच्या होडीत बसायला कोणी येईना, जाळे ओढायला कोणी मिळेना. एकट्याने होडी चालत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी त्याने होडी विकली आणि तो मुंबईला एका आगबोटीवर खलाशी म्हणून लागला. चार-पाच वर्षांत तिकडेच वारला. मला ते कळले तेव्हा मी राजापूरला अव्वल कारकून झालो होतो. वाईट वाटले आणि, खरे लिहायचे तर, सुटल्यासारखेही वाटले. आता माझ्या पेटीत काय होते हे माहीत असणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

पण असे सुटता येत नाही. मी पुढे पंचवीस वर्षे नोकरी केली, मामलेदारही झालो. कित्येक अर्ज, कित्येक जबान्या हाताखालून गेल्या. साक्षीदार समोर उभा राहून काही अशक्य वाटणारे सांगू लागला, लोक हसू लागले, की मी त्यांना गप्प करी आणि साक्षीदाराला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावी. इतरांना वाटे मी फार दयाळू हाकीम आहे.

स्मरणिका वाचल्यावर मी तांडेलाची मुलगी शोधून काढली. ती पावसच्या बाजूला दिली होती. आता साठीकडे झुकलेली, नातवंडे असलेली. मी माझी ओळख सांगितली. तिने मला ओटीवर बसायला सांगितले, पण पाणी विचारले नाही. मी सगळे सांगितले. ती सुपात तांदूळ निवडत होती, ते तिने थांबवले नाही.

"आता काय पायजे तुमाला?" मी थांबल्यावर ती म्हणाली.

"काही नको."

"काय नको आसलेला मानूस एवढ्या उन्हाचा येत नाय. मरताना हलकां व्हायचां हाय, असांच ना?"

मी म्हणालो, "तेही असेल."

"मग मला कशाला सांगतास? माझा बाप खोटां बोलत नव्हता तां मला ठावकच हाय. जितां हसले तितां जाऊन सांगा."

देवस्थानच्या समितीची सभा त्याच सभामंडपात होती. फरशी नवी होती, विजेचे पंखे होते. तीही आली होती, मागे बायकांत बसली. मी उभा राहून, कागद न बघता, जे वर लिहिले आहे ते सांगितले. कोणी हसले नाही. एक तरुण पदाधिकारी शेजाऱ्याला म्हणाला, आणि मला ऐकू जाईल असे म्हणाला, "म्हाताऱ्याला पढवून आणलेलं दिसतंय. मान परत मागायचा डाव आहे तांडेलाच्या घरच्यांचा."

दुसरा मोठ्याने म्हणाला, "आजोबा, चाळीसच्या वर वर्षं झाली. तुम्हाला आत्ताच कसं आठवलं? कोण भेटलं होतं तुम्हाला?"

ती उभी राहिली. "मी नाय भेटलेय, हे भेटायला आलेले. आनि मान नको आमाला. बेटावर आता हाय काय? उंदरांना नारळ द्यायला जाऊ?" आता थोडे लोक हसले. ती थांबली नाही. "हतां बसून माझ्या बापाला खोटारडा ठरवलात. तेवढां मागे घ्या. बाकी ठेवा तुमचां तुमच्याजवळ."

अध्यक्ष सभ्य होते. ते म्हणाले, विषय नाजूक आहे, पुरावा कागदोपत्री नाही, तरी नोंद घ्यायला हरकत नाही. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिले, सह्या झाल्या आणि सभा पुढच्या विषयाकडे, पाण्याच्या टाकीकडे, गेली.

बाहेर पायऱ्यांवर तिने मला गाठले. तिला वाचता येत नाही. "काय लिवलानी?" तिने विचारले.

मी इतिवृत्ताची वही पाहिली होती. चिटणिसांनी लिहिले होते: 'तांडेल निर्दोष होते, असे एका वयोवृद्ध गृहस्थांचे म्हणणे पडले.' 'निर्दोष' हा शब्द होता. तेवढाच सांगून मी तिला घरी पाठवू शकलो असतो. ती खूश झाली असती, आणि खोटेही झाले नसते. असली वाक्ये मला चांगली जमतात.

मी तिला सगळे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"म्हंजे तुमचां म्हननां. गावाचां नाय."

"नाही. गावाने अजून मानलेले नाही."

ती थोडा वेळ समुद्राकडच्या अंगाला पाहत उभी राहिली. तेथून बेट दिसत नाही, मध्ये डोंगराचा सुळका येतो. मग तिने चपला पायात सरकवल्या.

"पुढली सभा कवा हाय?"

"दिवाळीनंतर म्हणाले."

"तवर जिते ऱ्हावा," ती म्हणाली, आणि एस.टी. चुकेल म्हणून घाईने पायऱ्या उतरून गेली.